प्रायोगिक कर्करोग-औषधाची प्राण्यांवर चाचणी कशी आखावी

काचेच्या थाळीतील कर्कपेशी मारणारे संयुग हाती आले की पुढची पायरी म्हणजे उंदीर, असे गृहीत धरले जाते, आणि बहुतेक चुकांची सुरुवात याच घाईत होते. 'औषधाने उंदरातील गाठ लहान होते का' हा प्रश्न फार ढोबळ आहे. माणसाच्या शरीरात सुरक्षितपणे राखता येईल एवढ्या प्रमाणात औषध असताना ते गाठीपर्यंत पोहोचते का, तेथे ठरलेल्या लक्ष्यावर काम करते का, आणि त्यामुळे रुग्णाच्या रोगाशी साम्य असलेली गाठ मागे हटते का, असे तीन जोडलेले प्रश्न विचारले पाहिजेत. या तिन्हींपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येऊ शकेल अशा रीतीने प्रयोग बांधला नसेल, तर त्यातून आलेल्या 'हो'ला फारसा अर्थ उरत नाही. बेगली आणि एलिस यांनी २०१२ साली नोंदवले की कर्करोगावरील महत्त्वाच्या मानल्या गेलेल्या ५३ प्रकाशित अभ्यासांपैकी केवळ ६ अभ्यासांचे निष्कर्ष एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळवता आले. पुढील मार्गदर्शन अशा प्रयोगाची जबाबदारी प्रथमच घेणाऱ्या संशोधकासाठी आहे.

परवानगी आणि पेशींची ओळख

प्राण्यांवरील कोणताही प्रयोग संस्थेच्या नीती समितीच्या लेखी परवानगीशिवाय सुरू करू नये. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे आजही या परवानगीचा पाया आहेत: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरणे, प्राण्यांची संख्या कमी ठेवणे, आणि त्यांना होणारा त्रास कमी करणे. यांतील दुसऱ्या तत्त्वाचा अर्थ बऱ्याचदा चुकीचा घेतला जातो. निष्कर्षच निघू शकणार नाही इतके कमी प्राणी वापरले, तर ते सर्वच प्राणी वाया जातात. म्हणून अर्जात संख्या लिहिण्यापूर्वी, किती फरक महत्त्वाचा मानायचा आणि आपल्या मॉडेलमध्ये, म्हणजे मानवी रोगाची प्रतिकृती म्हणून वापरायच्या गाठ असलेल्या प्राण्यांत, गाठींच्या आकारांत किती विखुरलेपणा असतो, हे पूर्वीच्या नोंदींवरून काढून संख्याशास्त्रीय गणित करावे. साध्या वाढ-रोध प्रयोगात हे गणित अनेकदा प्रत्येक गटात ८ ते १० प्राण्यांच्या आसपास येते. तरीही ही संख्या सवयीने लिहू नये, आपल्या नोंदींवरून काढावी.

प्राण्यात टोचायच्या पेशी आपण समजतो त्याच आहेत ना, हे तपासण्याचा खर्च अगदी थोडा असतो, आणि तरीही ही पायरी वारंवार गाळली जाते. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीशृंखला (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींचा वाण) कित्येक वर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली; नंतरच्या जनुकीय तपासणीत ती मेलानोमाची, म्हणजे त्वचेतील रंगपेशींच्या कर्करोगाची, असल्याचे दिसून आले. प्रत्येक प्रयोगापूर्वी डीएनए-आधारित ओळख-चाचणी आणि मायकोप्लाझ्मा या पेशीसंवर्धनात शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची चाचणी करावी, पेशी किती वेळा उपसंवर्धित झाल्या, म्हणजे नव्या थाळीत हलवून वाढवल्या, त्याची नोंद ठेवावी, आणि पेशी जोमाने वाढत असतानाच, जिवंत पेशींचे प्रमाण मोजून त्या टोचाव्यात.

मॉडेलची निवड

सर्वांत प्रचलित मॉडेल म्हणजे मानवी कर्कपेशींचे झेनोग्राफ्ट, म्हणजे दुसऱ्या प्रजातीच्या प्राण्यात केलेले रोपण. थायमस ग्रंथी नसलेल्या 'न्यूड' उंदरात मानवी गाठ वाढवता येते, हे रायगार्ड आणि पोव्हल्सन यांनी १९६९ साली दाखवले, आणि त्यानंतर ही पद्धत औषध-शोधाचा कणा बनली. गाठ मानवी असते, त्वचेखाली वाढत असल्याने सहज मोजता येते आणि निकाल काही आठवड्यांत मिळतो. परंतु उंदराची प्रतिकारशक्ती अपुरी असते, गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या आणि आधारपेशी उंदराच्या असतात, आणि पाठीच्या कातडीखालील जागा म्हणजे स्वादुपिंड किंवा फुप्फुस नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील नोंदींवर आधारलेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ३९ संयुगांच्या विश्लेषणात असे आढळले, की एखाद्या अवयवाच्या झेनोग्राफ्टमध्ये औषध चालले म्हणून ते त्याच अवयवाच्या मानवी कर्करोगात चालेल असे बहुतांशी सांगता येत नाही. मात्र अनेक वेगवेगळ्या मॉडेलांत परिणाम दाखवणारी संयुगे रुग्णांमध्ये कुठे ना कुठे उपयोगी पडण्याची शक्यता अधिक होती. म्हणून एकाच सोयीच्या मॉडेलमधील झळाळत्या निकालावर न थांबता, त्याच लक्ष्याशी संबंधित निदान तीन-चार मॉडेलांत औषध तपासावे, आणि त्यांत ते लक्ष्य नसलेले एखादे मॉडेलही मुद्दाम घ्यावे. तेथेही गाठ लहान झाली, तर औषध आपण समजतो त्या मार्गाने काम करत नसण्याची शक्यता गांभीर्याने तपासली पाहिजे.

उंदराच्या जातीचाही विचार हवा. प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या 'स्किड' उंदरांतील जनुकीय दोष हा मुळात डीएनएमधील दुहेरी तुटी जोडणाऱ्या यंत्रणेतील दोष आहे. त्यामुळे डॉक्सोरुबिसिनसारखी डीएनएला इजा करणारी औषधे किंवा किरणोत्सर्ग या उंदरांना सामान्य उंदरांपेक्षा फारच कमी सोसतो. अशा औषधाची चाचणी स्किड उंदरात केली, तर औषध अवाजवी विषारी भासेल आणि उपयुक्त मात्रा गाठताच येणार नाही.

औषध प्रतिकारशक्तीमार्फत काम करत असेल, तर शाबूत प्रतिकारशक्तीचा उंदीर आणि त्याच जातीतून आलेली गाठ यांना पर्याय नाही. बाल्ब-सी जातीच्या उंदरातील सीटी२६ आणि ४टी१, किंवा सी५७ब्लॅक६ जातीच्या उंदरातील बी१६ आणि एमसी३८ या पेशीशृंखला ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. येथे एक अडचण हमखास येते: मानवी प्रथिनासाठी घडवलेली अँटिबॉडी उंदराच्या प्रथिनाला ओळखेलच असे नाही. सीटीएलए-४ हे टी पेशींना आवर घालणारे प्रथिन रोखल्याने उंदरातील गाठी नष्ट होऊ शकतात, हे ॲलिसन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखवले, तेव्हा उंदराच्या सीटीएलए-४ साठीची अँटिबॉडी वापरली होती. २०११ मध्ये मान्यता मिळालेली इपिलिमुमॅब ही वेगळी, मानवी सीटीएलए-४ साठीची अँटिबॉडी आहे. अशा वेळी उंदराच्या प्रथिनाशी जुळणारी पर्यायी अँटिबॉडी वापरावी किंवा लक्ष्याचे मानवी जनुक बसवलेला उंदीर घ्यावा, आणि अहवालात हा फरक स्पष्ट लिहावा. याच कारणाने मानवी अँटिबॉडी झेनोग्राफ्टमध्ये फसवी सुरक्षित भासते. एचईआर२ प्रथिनावर काम करणारी, स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब ही अँटिबॉडी उंदराच्या स्वतःच्या ऊतींतील समकक्ष प्रथिनाला चिकटत नाही, त्यामुळे रुग्णांमध्ये दिसणारा हृदयावरील दुष्परिणाम अशा प्रयोगातून कळण्याची अपेक्षाच ठेवता येत नाही.

ज्यांच्यात गाठ स्वतःच्याच अवयवात उगवते, अशा जनुकीय बदल केलेल्या उंदरांना वेळ आणि पैसा अधिक लागतो, पण काही प्रश्न तेथेच सुटतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 'केपीसी' नावाच्या अशा मॉडेलमधील गाठींत रक्तवाहिन्या विरळ असतात आणि त्यांच्यात जेमसिटाबिन हे रसायनोपचाराचे औषध नीट पोहोचत नाही, तर त्वचेखाली रोपलेल्या गाठींना तेच औषध लागू पडते, हे २००९ साली दाखवले गेले. रुग्णांमधील निराशाजनक अनुभवाशी हे चित्र जुळणारे होते. त्याच अभ्यासात हेजहॉग हा पेशींमधील संदेशमार्ग रोखणाऱ्या औषधाने आधार-ऊती कमी झाली, जेमसिटाबिन अधिक पोहोचले आणि उंदीर जास्त जगले. या कल्पनेवरची मानवी चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण जोड-औषध घेणाऱ्या रुग्णांची स्थिती केवळ जेमसिटाबिन घेणाऱ्यांपेक्षा वाईट होती. अधिक वास्तवदर्शी मॉडेलमुळे अंदाज सुधारतो, खात्री मात्र मिळत नाही, हे औषध पुढे नेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

रुग्णाच्या गाठीचा तुकडा थेट उंदरात वाढवण्याच्या पद्धतीत मूळ गाठीची विविधता बरीचशी टिकते. मात्र पिढ्या वाढतील तसे गाठीचे जनुकीय चित्र सरकत जाते, म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांचे नमुने गोठवून ठेवावेत आणि कोणत्या पिढीत चाचणी केली ते नोंदवावे.

मात्रा: सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक भाग

परिणामकारकतेच्या प्रयोगापूर्वी दोन छोटे अभ्यास पूर्ण करावेत. पहिल्यात, गाठ नसलेल्या पण त्याच जातीच्या उंदरांना चढत्या मात्रा देऊन, नियोजित वेळापत्रकानुसार किती मात्रा सोसते ते पाहावे. दुसऱ्यात, एका मात्रेनंतर ठरावीक वेळांनी रक्त आणि गाठ यांतील औषधाचे प्रमाण मोजावे. रक्तातील एकूण प्रमाणावर समाधान मानू नये. बराच भाग प्रथिनांना चिकटलेला असतो आणि मोकळा भागच लक्ष्यापर्यंत पोहोचू शकतो. हे चिकटण्याचे प्रमाण उंदीर आणि माणूस यांत वेगळे असू शकते. थाळीतील पेशींवर ज्या मोकळ्या प्रमाणाला परिणाम दिसला, ते प्रमाण गाठीत पुरेशा वेळासाठी राहते का, याचे उत्तर 'नाही' असेल, तर मोठा प्रयोग सुरूच करू नये. अशा वेळी संयुग, त्याचे द्रावण किंवा देण्याचे वेळापत्रक बदलावे.

उलट दिशेची चूक अधिक घातक असते, कारण ती यशाच्या रूपात समोर येते. कॅम्पटोथेसिन गटातील कर्करोग-औषधांबाबत उंदराच्या अस्थिमज्जेतील पेशी मानवी पेशींपेक्षा बऱ्याच कमी संवेदनशील असतात. परिणामी, उंदराला इतके औषध देता येते की ते प्रमाण माणसाच्या रक्तात कधीच गाठता येणार नाही, आणि त्या प्रमाणावर गाठी सुंदर वितळतात. म्हणूनच 'उंदराला सोसणारी सर्वाधिक मात्रा' हा एकमेव मापदंड मी अपुरा मानतो. मानवी अस्थिमज्जेच्या पेशींवरील चाचणी आणि माणसातील अपेक्षित रक्तप्रमाणाचा अंदाज घेऊन, त्या प्रमाणाशी जुळणारी मात्रा प्रयोगात एक स्वतंत्र गट म्हणून असलीच पाहिजे.

शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर आधारित रूपांतरात उंदराची प्रतिकिलो मात्रा सुमारे १२.३ ने आणि मोठ्या उंदराची, म्हणजे रॅटची, सुमारे ६.२ ने भागली की मानवी समकक्ष मात्रा मिळते. उंदरातील ५० मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे माणसात सुमारे ४ मिलिग्रॅम प्रतिकिलो. हा आकडा विचाराला दिशा देण्यापुरता आहे; प्रत्यक्ष रक्तप्रमाणाच्या तुलनेची जागा तो घेऊ शकत नाही.

औषध लक्ष्यावर पोहोचले याचा पुरावाही स्वतंत्र हवा. किनेज (प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर) रोखणारे औषध असेल, तर मात्रेनंतर काही तासांनी आणि पुढील मात्रेच्या अगदी आधी काढलेल्या गाठीत संबंधित प्रथिनाचे फॉस्फरीकरण, म्हणजे त्याला फॉस्फेट जोडले जाणे, किती कमी झाले ते मोजावे. या मोजणीशिवाय नकारात्मक निकालाचा अर्थच लावता येत नाही: कल्पना चुकीची होती, की औषध पोहोचलेच नाही, हे कळत नाही.

प्रत्यक्ष प्रयोग

पेशी सामान्यतः १० ते ५० लाख या संख्येने, अत्यल्प द्रवात, कुशीच्या त्वचेखाली टोचतात. दुसऱ्याच दिवशी औषध सुरू केले तर आपण गाठीचा उपचार तपासत नसून गाठ रुजण्यास अडथळा तपासत असतो, आणि रुग्ण तर वाढलेली गाठ घेऊनच येतो. म्हणून गाठी १०० ते २०० घन मिलिमीटरच्या झाल्यावरच उपचार सुरू करावेत. गरजेपेक्षा काही अधिक प्राण्यांत पेशी टोचाव्यात, फार लहान, फार मोठ्या किंवा विचित्र आकाराच्या गाठी गट पाडण्यापूर्वीच वगळाव्यात, आणि उरलेले प्राणी गाठीच्या आकारानुसार स्तर करून यादृच्छिक पद्धतीने गटांत वाटावेत. पिंजऱ्यातून जो उंदीर आधी हाती येईल तो पहिल्या गटात, ही यादृच्छिक पद्धत नव्हे. सुस्त किंवा आजारी प्राणी आधी हाती येतो.

गट निदान चार असावेत: केवळ वाहक द्रव मिळणारा, प्रचलित औषध मिळणारा, आणि नव्या औषधाच्या किमान दोन मात्रांचे दोन. जोड-औषध तपासायचे असेल तर प्रत्येक औषध एकेकटे देणारे गटही हवेत. वाहक द्रव स्वतः निरुपद्रवी आहे हे आधी पाहावे, कारण डीएमएसओसारख्या विद्रावकाचे किंवा पृष्ठक्रियाकारकांचे (साबणासारख्या, औषध विरघळण्यास मदत करणाऱ्या पदार्थांचे) जादा प्रमाण एकट्यानेच वजन घटवू शकते. मोजणाऱ्याला कोणत्या प्राण्याला काय दिले हे ठाऊक नसावे. औषध तयार करणारा आणि कॅलिपर धरणारा वेगळे ठेवले की हे सहज जमते.

या काटेकोरपणाचे कारण मोजमापातच आहे. घनफळ काढण्याचे नेहमीचे सूत्र म्हणजे लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. १२ मिलिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर रुंद गाठीचे घनफळ ३८४ घन मिलिमीटर येते. रुंदी ९ वाचली गेली तर तेच ४८६ होते. मऊ कातडीखाली कॅलिपर किंचित सैल धरल्याने एक चतुर्थांशाहून अधिक फरक पडतो, आणि मनात आशा असली की हात नेमका एका बाजूला सैल पडतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, शक्यतो त्याच व्यक्तीने मोजावे.

निवासाची परिस्थितीही निकालात उतरते. नेहमीच्या सुमारे २२ अंश तापमानात उंदीर थंडीशी झगडत असतो. सुमारे ३० अंशांत ठेवलेल्या, शाबूत प्रतिकारशक्तीच्या उंदरांत काही गाठींची वाढ मंदावते, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. म्हणून घरटे बांधण्याचे साहित्य द्यावे, सर्व गट एकाच फडताळावर मिसळून ठेवावेत, आणि उंदीर शेपटीने न उचलता नळीतून किंवा ओंजळीत उचलावा. त्रास कमी होतो आणि आकड्यांतील गोंधळही.

थांबण्याची मर्यादा पहिल्या इंजेक्शनपूर्वी लिहून ठेवावी. अनेक संस्थांत गाठ १,५०० ते २,००० घन मिलिमीटर झाल्यास किंवा वजन २० टक्क्यांनी घटल्यास प्राण्याला वेदनारहित मृत्यू दिला जातो. गाठीवरील व्रण, पाठ कुबडणे, केस पिंजारणे आणि हालचाल मंदावणे ही लक्षणे दिसली तर त्याआधीच थांबावे. वजनातून गाठीचे वजन वजा करण्यास विसरू नये. २० ग्रॅमच्या उंदराचे वजन स्थिर दिसत असेल आणि दरम्यान गाठ दीड ग्रॅमची झाली असेल, तर प्राणी प्रत्यक्षात साडेसात टक्क्यांनी खंगलेला असतो.

आकड्यांचा अर्थ

उपचारित गटाच्या गाठींचे सरासरी घनफळ नियंत्रण गटाच्या ४२ टक्के किंवा त्याहून कमी असल्यास औषध सक्रिय मानावे, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा जुना निकष आहे. या निकषावर विसंबताना सावध राहावे. समजा नियंत्रण गटातील गाठ १०० वरून १,००० घन मिलिमीटरपर्यंत वाढली आणि उपचारित गटातील ४०० पर्यंत. गुणोत्तर ४० टक्के येते आणि औषध उत्तीर्ण होते. पण उपचारित गाठ चौपट झालेली आहे, म्हणजे तिचा व्यास सुमारे ५९ टक्क्यांनी वाढला आहे. रुग्णाच्या बाबतीत प्रचलित निकषांनुसार व्यासांच्या बेरजेत २० टक्के वाढ झाली की रोग बळावला असे म्हणतात, आणि अंशतः प्रतिसाद म्हणण्यासाठी ३० टक्के घट लागते. ज्या निकालावर उंदरात टाळ्या पडतात, त्याच निकालावर दवाखान्यात औषध बंद होते. म्हणून किती प्राण्यांत गाठ सुरुवातीच्या आकारापेक्षा खरोखर लहान झाली, किती प्राण्यांत ती नाहीशी झाली आणि औषध थांबवल्यावर किती दिवसांनी परतली, हे प्रत्येक प्राण्याच्या स्वतंत्र आलेखासह द्यावे.

आणखी एक सापळा सरासरीत असतो. नियंत्रण गटातील मोठ्या गाठींचे प्राणी मर्यादा गाठून बाहेर पडत गेले की उरलेल्यांची सरासरी खाली येते आणि दोन गटांतील फरक खोटा कमी दिसतो; औषधाच्या विषारीपणामुळे प्राणी बाहेर पडले, तर उलटेही होऊ शकते. अशा वेळी पहिला प्राणी बाहेर पडेपर्यंतचीच सरासरी दाखवावी आणि पुढील काळासाठी 'ठरावीक आकार गाठेपर्यंतचा वेळ' हे माप जगण्याच्या वक्ररेषेने मांडावे. रोजच्या मोजणीवर वेगवेगळी चाचणी लावून, त्यांतील एक अनुकूल दिवस निवडणे सर्वथा टाळावे. विश्लेषणाची पद्धत आणि मुख्य निष्कर्ष-बिंदू प्रयोगापूर्वीच लिहून ठेवावा, आणि अहवाल प्राण्यांवरील प्रयोगांच्या अहवालासाठीच्या, २०२० मध्ये सुधारलेल्या ॲराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांनुसार तयार करावा: वगळलेले प्राणी, वगळण्याचे कारण आणि अयशस्वी मॉडेल यांसह.

मानवी चाचणीकडे

परिणामकारकता पटल्यावर विषाक्ततेचे अभ्यास उत्तम प्रयोगशाळा पद्धतीच्या नियमांखाली, सामान्यतः एका कृंतक (उंदीर-रॅटसारख्या कुरतडणाऱ्या) आणि एका अकृंतक प्रजातीत केले जातात. प्रगत कर्करोगावरील औषधांसाठी औषध-नियमांत एकवाक्यता आणणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेचे २००९ चे एस९ मार्गदर्शन लागू होते. साध्या रासायनिक औषधाची पहिली मानवी मात्रा सहसा, कृंतकांपैकी १० टक्के प्राण्यांत तीव्र विषाक्तता आणणाऱ्या मात्रेच्या एक दशांश धरतात. अकृंतक प्रजाती अधिक योग्य असल्यास, तीत तीव्र विषाक्तता न आणणाऱ्या सर्वोच्च मात्रेच्या एक षष्ठांश. दोन्ही वेळा मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने मानवी मात्रेत बदलून घेतात.

प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. टीजीएन१४१२ ही अँटिबॉडी रक्ताचा एक कर्करोग आणि संधिवात यांसाठी विकसित होत होती. २००६ साली लंडनमध्ये ती ६ निरोगी स्वयंसेवकांना दिली गेली, तेव्हाची मात्रा माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढी होती. तरीही काही तासांत सहाही जणांचे अनेक अवयव निकामी होऊ लागले. माकडांच्या ज्या स्मृती-टी पेशींनी (पूर्वीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या प्रतिकारपेशींनी) हा भडका उडवायचा, त्यांच्यावर औषधाचे लक्ष्य असलेला रेणू नव्हताच, हे नंतर स्पष्ट झाले. म्हणून अशा औषधासाठी मानवी पेशींवर कमीत कमी परिणाम दाखवणाऱ्या प्रमाणापासून पहिली मात्रा काढावी, निवडलेल्या प्रजातीतील संबंधित पेशींवर लक्ष्य खरोखर आहे याचा प्रयोगसिद्ध पुरावा आधी जोडावा, आणि पहिल्या स्वयंसेवकाला किंवा रुग्णाला औषध दिल्यानंतर पुरेसा वेळ जाऊ दिल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नये.